चित्रफितीखालची अक्षरे : का आणि कशी?

(विहाराच्या वर्धापनदिनी युवक मंडळाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून दरवर्षी मोठमोठ्या विषयांवर मौलिक विचार मांडले जातात. आम्हाला यंदा समितीने जो विषय दिला तो त्या मानाने लहान दिसतो. व्हिडीओच्या खाली जी अक्षरे येतात, ज्यांना आपण सबटायटल म्हणतो, ती कशी घालावीत, एवढाच हा विषय. कुणी म्हणेल, हे तर स्टुडिओवाल्यांचं काम, त्याचं विहारात काय? पण गेली काही वर्षे आम्ही काही मुलं-मुली संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत बसून हेच काम करीत आहोत. त्यातून जे समजले ते आपल्यापुढे ठेवावे, म्हणजे उद्या घराघरांतून हे काम होऊ शकेल, या हेतूने आम्ही उभे आहोत.

प्रथम, याची गरज काय ते सांगतो.

आपल्या वस्तीतल्या किती तरी घरांत ट्रंकेत, माळ्यावर जुन्या व्हिडीओ कॅसेट पडून आहेत. लग्नाच्या आहेत, जयंतीच्या मिरवणुकीच्या आहेत, विहाराच्या पायाभरणीच्या आहेत. एखाद्या घरी आजोबांनी सांगितलेली गावाकडची हकीकतही आहे. या कॅसेटना बुरशी लागते, फीत चिकटते. ज्या यंत्रावर त्या लागतात ते व्हीसीआर आता नवे मिळत नाही. जपानची फुनाई ही कंपनी ते शेवटपर्यंत बनवीत होती, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. म्हणजे आहे ते यंत्र चालू आहे तोवर कॅसेट उतरवून घेणे हे पहिले काम. पण नुसती उतरवून भागत नाही. तीस वर्षांपूर्वीचा आवाज, त्यात पंख्याची घरघर, मागे लाऊडस्पीकर आणि बोलणाऱ्या आजींची गावाकडची बोली. इंग्रजी शाळेत जाणारा नातू पाच मिनिटे ऐकतो आणि म्हणतो, "आजी काय म्हणते ते कळत नाही." मग तो उठून जातो. आवाज जपला, पण बोलणे पोचले नाही.

दुसरी गोष्ट, आपल्यातच काही बंधू-भगिनी अशा आहेत ज्यांना ऐकू येत नाही. काही जन्मापासून, तर काही वयोमानाने. प्रवचन चालू असते, सगळे हसतात, सगळे गंभीर होतात आणि ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा २०१६ साली झाला त्यात दूरचित्रवाणीसारखी माध्यमे बहिऱ्या माणसांनाही समजतील अशी करण्याची गोष्ट आली आहे. सरकारने काय करावे ते सरकार जाणे, पण आपल्या विहाराच्या व्हिडीओखाली चार ओळी घालायला आपल्याला कुणाचा हुकूम लागत नाही.

तिसरी गोष्ट भाषेची. बाबासाहेबांनी १९५५ साली बीबीसीला दिलेली मुलाखत आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाईलवर ऐकली असेल. ती इंग्रजीत आहे. डॉ. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरचा चित्रपटही मुळात इंग्रजीतच झाला. आपल्या आईला बाबासाहेबांचा आवाज ऐकायचा आहे आणि अर्थही समजून घ्यायचा आहे. आवाज काढून दुसऱ्याचा आवाज बसवला तर अर्थ कळतो, पण बाबासाहेब गेले. खाली मराठी अक्षरे घातली तर दोन्ही राहतात. उलट बाजूने पाहा. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या २०११ च्या तीन तासांहून मोठ्या माहितीपटात आपल्या शाहिरांची मराठी गाणी आहेत. ज्यांना मराठीचा गंध नाही अशा परदेशातल्या प्रेक्षकांनी तो पाहिला तो खालच्या अक्षरांच्या आधाराने.

आणखी एक फायदा आहे तो वाचनाचा. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी एक साधी कल्पना मांडली. गाणे ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दाखवायचे. १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनच्या 'चित्रगीत' या कार्यक्रमात हा प्रयोग झाला आणि पुढे 'चित्रहार'मध्येही आला. गाणे माणसाला पाठ असते, कान पुढचा शब्द ओळखतो आणि डोळा नकळत अक्षराशी त्याची गाठ घालतो. अर्धवट शिक्षण सुटलेल्या माणसाला यातून वाचनाचा सराव होतो. आपल्याकडे भीमगीते घराघरांत पाठ आहेत. वामनदादा कर्डकांची गाणी ज्या माऊलीला तोंडपाठ आहेत, तिला तीच गाणी अक्षरांत दिसली तर रात्रशाळेचे अर्धे काम तिथेच होते. म्हणून मराठी व्हिडीओखाली मराठी अक्षरे कशाला, असे कृपया कुणी म्हणू नये.

आता कामाकडे वळतो.

सबटायटल चांगली कशाला म्हणायची? आमचे उत्तर असे की, पाहणाऱ्याला आपण वाचतो आहोत हे जाणवतच नाही ती चांगली. अक्षरे उडत आली, फिरली, रंग बदलले, चमकली की लोकांचे लक्ष अक्षराकडे जाते आणि बोलणारा माणूस मागे पडतो. कामाला स्टुडिओची सफाई येते ती मोजून-मापून केल्याने. त्यासाठी महागडी यंत्रणा लागत नाही. साधा संगणक आणि फुकट मिळणारी एडिटिंगची सॉफ्टवेअर पुरतात. शॉटकट, केडेनलाइव्ह, ओपनशॉट ही मोफत आहेत, दा विंची रिझॉल्व्हची एक मोफत आवृत्ती आहे आणि नुसती अक्षरे व वेळा जुळवण्यासाठी सबटायटल एडिट नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. यांतले कोणतेही एक शिकून घ्या, बाकीच्यांचा ढाचा साधारण तोच असतो.

कामाचा क्रम मात्र पाळावा लागतो. मूळ फाईल बाजूला सुरक्षित ठेवायची, तिला हात लावायचा नाही, काम तिच्या प्रतीवर करायचे. आधी व्हिडीओची काटछाट पूर्ण करायची आणि मगच अक्षरांना हात घालायचा. अक्षरे बसवल्यावर मधलीच दहा सेकंद कापली तर पुढची सगळी अक्षरे दहा सेकंद मागे पडतात. ती एकदम सरकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण मुळात तशी वेळ आणू नये.

त्यानंतर लेखन. दोघांनी बसावे. एकाने ऐकावे, थांबवावे, पुन्हा लावावे, दुसऱ्याने लिहावे. दहा मिनिटांच्या बोलण्याला सुरुवातीला तास-दीड तास सहज जातो, घाबरू नये. हल्ली आवाज ऐकून आपोआप मजकूर लिहिणारी साधनेही निघाली आहेत. त्यांचा कच्च्या खर्ड्यासाठी उपयोग जरूर करावा. पण ती गावाची नावे, माणसांची नावे, पाली शब्द आणि बोली यांत हमखास अडखळतात. 'भन्ते'चे 'भाऊ ते' झाले तरी यंत्राला त्याचे काही वाटत नाही, आपल्याला वाटले पाहिजे. म्हणून प्रत्येक ओळ माणसाच्या कानाखालून गेलीच पाहिजे.

आणि इथेच खरा प्रश्न उभा राहतो. बोलणारा जसा बोलतो तसे लिहायचे, की शुद्ध करून लिहायचे? आमच्या मंडळात यावर पुष्कळ वाद झाले. एक वृद्ध माऊली नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेला गेल्याची आठवण सांगत होत्या. त्यांचे वाक्य असे: "आमी बैलगाडीनं निघालो. रस्त्यानं भाकरी संपली, पन कोनी परत फिरलं नाई." एक जण म्हणाला, 'पन' नको, 'पण' लिहू, 'कोनी' नको, 'कोणी' लिहू, नाहीतर लोक हसतील. दुसरी म्हणाली, हसणारे हसोत, त्यांच्या तोंडचे शब्द बदलणारे आपण कोण?

या बाबतीत विनयपिटकातल्या चुल्लवग्गाची एक कथा आम्हाला मार्गदर्शक वाटली. ब्राह्मण कुळात जन्मलेले आणि वाणी सुंदर असलेले दोन भिक्खू बंधू तथागतांकडे आले. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या तऱ्हेने बोलून बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदात बांधतो, अशी परवानगी त्यांनी मागितली. भगवंतांनी ती नाकारली. प्रत्येकाने आपापल्या बोलीत बुद्धवचन शिकावे अशी मुभा त्यांनी दिली, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक घेतात. धम्माच्या बाबतीत जर बोलीला नाकारले नाही, तर आपल्या आजीच्या आठवणीच्या बाबतीत आपण का नाकारावे?

म्हणून आम्ही नियम केला. मराठी बोलण्याखाली मराठी अक्षरे असतील तर बोलणाऱ्याचा शब्द तसाच ठेवायचा. अडखळणे, तेच तेच शब्द, 'म्हंजे', 'ते आपलं' असली टेकणी गाळायला हरकत नाही, पण शब्द बदलायचा नाही. आजच्या मुलांना न कळणारा एखादा शब्द आला तर तो ठेवून पुढे कंसात अर्थ द्यायचा. हिंदी किंवा इंग्रजी अनुवाद करताना मात्र सरळ, साधी भाषा वापरायची. आजींची बोली इंग्रजीत मोडक्या-तोडक्या इंग्रजीने दाखवायला जाऊ नये. त्याने त्या अडाणी दिसतात आणि त्या अडाणी नाहीत.

याहून महत्त्वाची गोष्ट छाटणीची आहे. बोलणे भरभर चालते, वाचायला वेळ लागतो, त्यामुळे थोडे कमी करावेच लागते. पण काय कमी करतो याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे. एक उदाहरण देतो. एका आजोबांचे वाक्य होते: "विहीर भरलेली होती, पन आमाला पानी घेऊ देत नव्हते." कुणी जागा वाचवायला 'आम्हाला पाणी मिळत नसे' असे केले तर वाक्य लहान होते, शुद्धही होते. पण त्यात काय घडले ते पाहा. 'घेऊ देत नव्हते' म्हणजे अडवणारा माणूस आहे. 'मिळत नसे' म्हणजे जणू दुष्काळ होता! पन्नास वर्षांनी ते वाचणाऱ्या मुलाला वाटेल की त्या गावात पाऊस कमी पडत असावा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब कशासाठी गेले, हे त्या मुलाला मग कसे समजणार? तळ्याला पाणी होतेच. तेव्हा जागा वाचवायची असेल तर असे करावे: 'विहीर भरलेली, पन आमाला पानी घेऊ देत नव्हते.' एकच 'होती' गेला, बाकी सगळे राहिले. कुणी केले आणि कुणावर केले, हे शब्द कापायचे नाहीत, हा आमचा दुसरा नियम.

तिसरा प्रश्न त्याहून अवघड. आपली वडीलधारी माणसे जुने दिवस सांगताना, गावात त्यांना काय म्हणून हाक मारीत ते शब्दही सांगतात. जातीचा उल्लेख असतो, शिवी असते. ते शब्द अक्षरांत लिहायचे की तिथे फुल्या घालायच्या? एका बाजूने वाटते, मुलांनी हे शब्द वाचू नयेत. दुसऱ्या बाजूने, फुल्या घातल्या की अपमान करणाऱ्याचाच बोभाटा वाचतो. याचा निकाल आम्ही बोलणाऱ्यावर सोपवतो. एका माऊलीला आम्ही विचारले तर त्या म्हणाल्या, "त्यानं म्हटलं तसंच लिव्हा. म्या सोसलं, तुमाला वाचायला काय जातं?" त्यांच्या व्हिडीओत तो शब्द जसाच्या तसा आहे. दुसरे एक आजोबा नको म्हणाले, तिथे आम्ही '(जातीवरून शिवी)' असे कंसात लिहिले. रिकामी जागा सोडली नाही, कारण काहीतरी बोलले गेले आहे हे वाचणाऱ्याला कळलेच पाहिजे. आणि ज्यांच्यावर आरोप आहे त्यांची मुलेबाळे आज त्याच गावात असतील तर त्यांची नावे घरच्या प्रतीत ठेवायची, बाहेर पाठवायच्या प्रतीत आवाज आणि अक्षर दोन्ही गाळायचे, हेही आधी घरच्यांशी बोलून ठरवायचे.

आता मोजमाप. हे लिहून घेतले तरी चालेल.

एका वेळी पडद्यावर दोनच ओळी. तिसरी ओळ कधीही नाही. नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या इंग्रजीत एका ओळीला ४२ अक्षरचिन्हांची मर्यादा पाळतात आणि एक सबटायटल ७ सेकंदांपेक्षा जास्त वेळ ठेवत नाहीत. मराठीत काना, मात्रा, वेलांटी यांनाही संगणक वेगळे चिन्ह मोजतो, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एका ओळीत पाच-सहा शब्द, एवढे लक्षात ठेवा. वेळेचे म्हणाल तर बीबीसीचे इंग्रजीचे प्रमाण मिनिटाला १६० ते १८० शब्दांचे आहे, म्हणजे एका शब्दाला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा. आपले मराठी शब्द लांब असतात आणि आपले वाचक म्हणजे आजी आणि चौथीतला मुलगा. म्हणून आम्ही एका शब्दाला अर्धा सेकंद धरतो. सहा शब्दांची ओळ तीन सेकंद, दोन भरलेल्या ओळी सहा सेकंद. अगदी 'हो' किंवा 'नाही' एवढेच असले तरी ते निदान एक सेकंद दिसले पाहिजे.

अक्षरे बोलणे सुरू होताना यावीत, आधी नाही. विनोदाचा किंवा दुःखाचा शेवटचा शब्द माणूस बोलण्याआधीच खाली दिसला तर सगळा रस जातो. दोन सबटायटलांच्या मध्ये अगदी बारीक फट ठेवावी, दोन चौकटींची पुरते. आपल्याकडच्या व्हिडीओत सेकंदाला २५ चौकटी असतात, तेव्हा ही फट सेकंदाच्या बाराव्या हिश्शाएवढीच. पण ती नसली तर ओळ बदलली हे डोळ्याला कळत नाही. तसेच दृश्य बदलले की जुनी ओळ शक्यतो संपवावी.

ओळ कुठे तोडायची याला फार महत्त्व आहे. मघाचेच वाक्य घ्या. असे तोडले तर:

रस्त्यानं भाकरी संपली, पन कोनी
परत फिरलं नाई.

वाचणारा 'पन कोनी' वर लटकतो. असे तोडा:

रस्त्यानं भाकरी संपली,
पन कोनी परत फिरलं नाई.

बोलताना माणूस जिथे श्वास घेतो तिथे ओळ तोडावी. विशेषण एका ओळीत आणि नाम दुसऱ्या ओळीत, नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत, असे होऊ देऊ नये. दोन माणसे बोलत असतील तर दोघांच्या ओळींआधी छोटी आडवी रेघ द्यावी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आवाजाची माहितीही कंसात द्यावी: '(टाळ्या)', '(बुद्धवंदना सुरू होते)', '(आजी रडतात)'. गाण्याचे शब्द गायकाच्या ओळीप्रमाणे तोडावेत, गद्यासारखे नव्हे.

दिसण्याबद्दल थोडक्यात सांगतो. पांढरी अक्षरे आणि त्यांना बारीक काळी कड, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते. आपल्या कार्यक्रमांत पांढरी वस्त्रे फार, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरे हरवते. तिथे अक्षरांमागे अर्धवट पारदर्शक काळी पट्टी द्यावी. निळा रंग आपल्याला प्रिय आहे, हे खरे. पण गडद चित्रावर निळी अक्षरे वाचता येत नाहीत. निळा झेंड्यावर राहू द्या, अक्षरे पांढरी ठेवा. अक्षरांची उंची पडद्याच्या उंचीच्या साधारण विसाव्या भागाएवढी असावी. खालच्या कडेपासून थोडे वर बसवावे, कारण काही टीव्ही कडा कापतात. आपल्या लिपीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार-ऋकार असतात, म्हणून दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. जुन्या कॅसेटचे चित्र चौकोनीसर असते, ते ताणून रुंद करू नये, माणसे लठ्ठ दिसतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतील. बोलणाऱ्याचे नाव जिथे खाली येते, तिथे त्या वेळेपुरती सबटायटल वर घ्यावी. नावावर ओळ चढू देऊ नये.

आता देवनागरीची खास अडचण. जुनी डीटीपी टाइपसेटिंग ज्या फॉन्टमध्ये होत असे, त्यातला मजकूर उचलून एडिटिंगमध्ये टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. कारण तो मजकूर युनिकोड नसतो. म्हणून टंकन युनिकोडमध्येच करावे. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त हे फॉन्ट विनामूल्य आहेत आणि स्वच्छ दिसतात. तरीही काही सॉफ्टवेअर जोडाक्षरे फोडतात, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी टाकतात. त्याची परीक्षा काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावी. आम्ही एक ओळ ठरवली आहे: 'भिक्खू, तऱ्हा, कीर्ती, दृष्टी, बाळ, ॲड., प्रज्ञा'. ही ओळ नीट दिसली की ते सॉफ्टवेअर आपल्या कामाचे. नाही दिसली आणि दुसरे सॉफ्टवेअर उपलब्ध नसले, तर ती ओळ दुसरीकडे पारदर्शक चित्र म्हणून तयार करून व्हिडीओवर ठेवता येते. कष्ट जास्त, पण अक्षर शुद्ध राहते.

सबटायटलची फाईल म्हणजे तरी काय? तिला एसआरटी म्हणतात. नुसत्या मजकुराची फाईल, नोटपॅडमध्येही लिहिता येते. पहिल्या ओळीत अनुक्रमांक. दुसऱ्या ओळीत सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ: तास, मिनिटे, सेकंद, मग स्वल्पविराम आणि सेकंदाचा हजारावा भाग. दोन वेळांच्या मध्ये दोन आडव्या रेघा आणि बाणाचे टोक. हे अंक इंग्रजीच लागतात. तिसऱ्या ओळीपासून मजकूर. मग एक ओळ रिकामी, आणि पुढचा क्रमांक. फाईल जतन करताना युटीएफ-८ हा पर्याय निवडायचा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. एवढेच हे तंत्र आहे.

ही फाईल व्हिडीओशेजारी त्याच नावाने ठेवली की व्हीएलसीसारखे प्लेअर ती आपोआप दाखवतात. यूट्यूबवरही ती वेगळी चढवता येते, आणि एकाच व्हिडीओला मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन फायली देता येतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचे असेल तर मात्र अक्षरे चित्रातच पक्की छापावी लागतात. आमचा सल्ला असा की दोन्ही करावे. छापलेली प्रत वाटायला आणि स्वच्छ व्हिडीओ अधिक एसआरटी जपायला. एकदा चित्रात छापलेले अक्षर पुन्हा निघत नाही. उद्या चूक सापडली, किंवा कुणाला तमिळमध्ये अनुवाद करावासा वाटला, तर वेगळी फाईलच कामाला येते.

शेवटी तपासणी. तयार व्हिडीओ आवाज बंद करून, तो पूर्वी न पाहिलेल्या माणसाला दाखवावा. तो कुठे थांबतो, कुठे भुवया उंचावतो ते पाहावे. एकदा मोबाईलवर, एकदा विहाराच्या पडद्यावर पाहावे. आणि ज्यांचे बोलणे आहे त्या आजी-आजोबांना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवावी. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही व्हिडीओ बाहेर जात नाही. त्यांना स्वतःला वाचता येत नसले तर हे अधिकच आवश्यक आहे, कारण आपण काय लिहिले ते त्यांना पडताळता येत नाही. ज्यांना पिढ्यान्पिढ्या लिहू दिले नाही, त्यांचे बोलणे लिहिताना लिहिणाऱ्याने आपल्या मनचे घालू नये.

उपासक-उपासिकांनो, बुद्धवचन पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत राहिले. बहुतेक सुत्तांच्या आरंभीच ऐकल्याची ग्वाही आहे. पुढे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत ते ताडपत्रांवर लिहून ठेवले गेले, अशी तिथली परंपरा सांगते. युद्ध आणि दुष्काळ यांनी पाठ असलेली माणसेच कमी होऊ लागली, म्हणून हे लेखन झाले. आपल्या वस्तीतही १४ ऑक्टोबर १९५६ डोळ्यांनी पाहिलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. ती सगळी ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना बोलते करायला आणि ते अक्षरांत उतरवायला फार वेळ हाती नाही.

म्हणून आमची विनंती अशी. घरातल्या जुन्या कॅसेट समितीकडे नोंदवा. कॅसेट तुमचीच राहील, आम्ही प्रत करून परत देऊ. दहावी-बारावीच्या मुलामुलींनी सुटीत आठवड्यातून दोन संध्याकाळी यावे. टंकन येत नसले तरी चालते, कान असला म्हणजे झाले. महिला मंडळाला खास सांगणे की जुने शब्द तुम्हालाच कळतात, तेव्हा लिहिणाऱ्याच्या शेजारी तुमच्यापैकी एक जण बसलीच पाहिजे. आणि ज्येष्ठांनो, तुम्ही फक्त बोला. 'माझं काय बोलायचं, मी काही शिकलेली नाही,' असे म्हणू नका. तुमचे शब्द तुमच्याच बोलीत, तुम्हाला विचारूनच आम्ही लिहू.

 जय भीम! नमो बुद्धाय!